दोन चमचे, समभाग पाण्यातून

परमिट रूममध्ये फुकट मिळणारं सगळं जमिनीतून उगवलेलं असतं. खारे शेंगदाणे, तिखटमीठ लावलेली काकडी, कांदा-लिंबू घातलेली चणाडाळ, कडेने किंचित करपलेला उडदाचा पापड. पैसे मोजून मागवायचं ते मात्र बहुतेक पोहणारं, नाहीतर पळणारं. म्हणजे पनवेलचे वेटर इतकी वर्षं न मागता शुद्ध व्हेगन पंगत मांडत आले, आणि तिला आम्ही चकणा म्हणून हिणवत राहिलो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिली ती पुण्याच्या भाचीने. तिने आधी मांसाहार सोडला, मग दूध-दही-तूप सोडलं, शेवटी मधसुद्धा मधमाश्यांना परत केला, आणि आमच्याकडे राहायला आल्या आल्या, पोस्ट ऑफिस कुठे आहे असं विचारावं तितक्या सहज विचारलं, “मावशी, जवळपास एखादा व्हेगन बार असेल ना गं?”

मी मनातल्या मनात एसटी स्टँडपासून वडाळे तलावापर्यंत एक चक्कर मारून आले. बार या विषयात आमचं गाव कधीच मागे नव्हतं. २००५ मध्ये डान्स बार बंद होईपर्यंत ‘पनवेलला राहतो’ म्हटलं की मुंबईचे पाहुणे उगीच मिशीतल्या मिशीत हसायचे. पण व्हेगन? “बिअर तर सातूची असते,” मी म्हटलं, “तिच्यात कुठला आलाय प्राणी?” त्यावर तिने मला गाळण्याचं शास्त्र सांगितलं. बिअर नि वाइन नितळ व्हावी म्हणून तिच्यात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा अर्क घालायची जुनी रीत आहे. गाळ त्याला चिकटून तळाशी बसतो. एके काळी मुंबई बंदरातून अशा सुकवलेल्या पिशव्या थेट इंग्लंडला जात. आपला एखादा घोळ मासा मरणोत्तर लंडनच्या पबात जाऊन साहेबाचा प्याला स्वच्छ करत होता, या कल्पनेने मला फार भरून आलं. मी निरेचं नाव काढलं. तीही सुटली नाही. निरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, आणि कोकणातला जुना चुना शिंपले भाजून केलेला. एवढ्या बारकाईने पाहिलं तर जगात पिण्याजोगं फक्त पाणी उरतं, आणि त्यातही गाढी नदीचे मासे राहून गेलेले असतात.

मग एकदम मला आमचं फडताळ आठवलं. आमच्या गावात १८७२ पासून धूतपापेश्वरांची आयुर्वेदिक औषधं तयार होत आली आहेत. त्यामुळे पनवेलच्या जुन्या घरांत आसवं-अरिष्टं ही लोणच्याइतकीच घरची असतात. आजीच्या फडताळात द्राक्षारिष्टाची काळपट बाटली कायम असे. द्राक्षांचा काढा, त्यात गूळ, वर दालचिनी-वेलची-नागकेशर, मिरी-पिंपळी-वावडिंग, आणि हे सगळं ज्यांच्यामुळे खदखदायला लागतं ती धायटीची लाल फुलं. भांडं तोंड बांधून महिनाभर अंधारात ठेवायचं. आत काय चालतं ते वैद्य ‘संधान’ या शब्दात गुंडाळून ठेवतात, बाटलीवरचं लेबल मात्र जरा जास्त प्रामाणिक असतं: औषधातच तयार होणारा मद्यार्क, पाचेक टक्क्यांच्या पुढे. बिअरही साधारण तिथेच असते. दूध नाही, मध नाही, मासा नाही. (कुमारीआसवात मध पडतो, म्हणून भाचीने ते तिथल्या तिथे नापास केलं.)

आजी कट्टर दारूविरोधी होती. गल्लीतून कुणी झोकांड्या खात गेला तर ती खिडकी लावून घेई, मग शांतपणे बाटली हलवून दोन चमचे मोजून घेई. एकादशीला हे चालतं का, असा प्रश्न कुणीतरी काढला होता, तेव्हा तिने एका दमात निकाल दिला: द्राक्षं फळात, गूळ उपासाला चालतो, धायटी फूल आहे, फूल देवालाही चालतं.

तिच्या मागे सुप्रीम कोर्टही उभं होतं, हे तिला कधी कळलं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबई इलाख्यात मद्यार्क असलेल्या औषधांवरही हात टाकला होता. १९५१ मध्ये बलसारा यांच्या खटल्यात न्यायालयाने तो हात मागे घ्यायला लावला. कायदा तसा अजून आहे, आणि त्याची गंमतही. प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे परमिट रूममध्ये बसलेला प्रत्येक इसम कागदोपत्री पथ्यावर असतो. कागद आणि टेबल यांची भेट मात्र सहसा होत नाही.

आजोबांकडे असा परवाना होता. रिटायर झाल्यावर त्यांनी तो रीतसर काढला, आणि रोज संध्याकाळी मागच्या पडवीत बसून ते आपलं आरोग्य राखत. समोर बशीत शेंगदाणे. ते आजीने भाजलेले असत. तोंडाने ती त्या बाटलीचं नाव कधी घेत नसे, पण दाणे करपू देत नसे. आजोबा ग्लासात निम्मं पाणी घालत. आजीला वैद्यांनी सांगितलेलं, समभाग पाण्यातून घ्या. दोघांचं प्रमाण एकच, फक्त यांचं जेवणाआधी आणि तिचं जेवणानंतर. त्यामुळे दोघं एकमेकांना भेटत ती पानावर, एकजण नुकताच सैलावलेला आणि दुसरी अजून सावध. मग आचमन झालं की आजी फडताळाकडे जाई, आणि आजोबा दारातून विचारत, “आज किती चमचे?”

“वैद्यांनी सांगितलेत तितकेच. तुमच्यासारखं नाही.”

भाचीला हे सगळं सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून बाटली आणली, मी दाणे भाजले, काकडी चिरली. पहिल्या घोटाला तिचा चेहरा थेट आजीसारखा वाकडा झाला. दुसरा घोट घेण्याआधी तिने लेबल पुन्हा एकदा वाचलं. “मावशी, यावर जेवणानंतर लिहिलंय गं.”

“मग आधी जेवून घे,” मी म्हटलं, “पिठलं-भात टाकलाय.”