बाळ थांबत नाही

युजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला सहा वर्षं मिळतात. बाईला, फेरनोंदणी आणि सवलत धरून, दहापर्यंत. शिवाय बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवस रजा. (ही रजा फक्त बायकांना. मूल बहुधा एकटीचंच असावं.) नणंदेच्या बाळाच्या स्वेटरला मात्र मुदतवाढ नाही. पाठ विणून होते तोवर बाळ रांगायला लागतं. मग सगळं उसवा, टाके वाढवा. गाइडसरही तिसरं प्रकरण असंच उसवायला लावतात, पण त्याला संशोधन म्हणतात. हातात सुया दिसल्या की घरचे म्हणतात, "रिकामीच आहेस ना? कुकर लाव." लॅपटॉप दिसला तरी तेच. तेव्हा बायांनो, प्रबंध होईपर्यंत मफलरच विणा. त्याला मापाची भानगड नाही.