स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स यास

तुला नमस्कार घालणार नाही. 1924 साली लंडनमध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने किडलेल्या दातांतून तुला हुडकून काढलं. तरी आमच्याकडे दाढ ठणकली की लोक अजून अळीच शोधतात, रिंगणीच्या बियांची धुरी घेतात. तुझं चांगलंच फावलं!

तुझी चलाखी मला पाठ आहे. साखर आली की तू तिचा डिंक करतोस, दाताला चिकटून बसतोस आणि उरलेल्या साखरेचं आम्ल बनवतोस. सामू 5.5 च्या खाली उतरला की एनॅमल विरघळायला लागतं. त्या आम्लात बाकीचे कित्येक जिवाणू मान टाकतात, तू तरारतोस. दोन-तीन वर्षांच्या पोराच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, आधी पांढरट पट्टा उमटतो. मग तो तपकिरी होतो आणि दाताचे टवके उडू लागतात. रात्रभर तोंडात गोड दुधाची बाटली आणि झोपेत लाळ कमी, तुला आणखी काय हवं? घरचे म्हणतात, 'दुधाचेच दात, पडणारच आहेत.' पोर मात्र एकाच बाजूने चावतं, गार पाण्याने कळवळतं. तुला त्याचं काय!

आता ऐक. तो डिंक तू ज्या विकराच्या जोरावर करतोस, त्यालाच जेरीस आणणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं झाडापाल्यात आहेत. हिरव्या चहातली कॅटेचिन्स, क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन्स, मधमाश्यांच्या प्रोपोलिसमधलं एपिजेनिन. ती तुला मारतीलच असं नाही, पण तुझा डिंक होऊ देत नाहीत. मला हीच वाट पटते. सरसकट जंतू मारायला गेलं की तोंडातले निरुपद्रवी जिवाणूही बळी पडतात, आणि क्लोरहेक्सिडिनच्या चुळा फार दिवस भरल्या तर दातांवर डाग पडतात ते वेगळंच.

मात्र हे बहुतेक प्रयोगशाळेतलं यश आहे. तिथे तू तासन् तास त्या द्रव्यात बुडालेला असतोस. तोंडातून चहाचा घोट क्षणात खाली उतरतो. त्यात दोन चमचे साखर असली तर तुझंच जेवण झालं. म्हणून 'नैसर्गिक' एवढ्या एका शब्दावर फ्लोराइडची पेस्ट सोडायला सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. मिश्रीसुद्धा झाडाचीच की! तंबाखू भाजून केलेली, आणि तिने कितीतरी बायकांना तोंडाचा कर्करोग दिला. फ्लोराइड झिजू लागलेल्या एनॅमलमध्ये खनिजं पुन्हा बसवायला मदत करतं. झाडांची द्रव्यं त्याच्या जोडीला येऊ देत, जागेवर नको.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्या खाचांवर तुझा डोळा आहे. ती जन्मभराची आहे, आणि आमच्या घरी तिथे ब्रश आधी पोहोचतो.

तुझ्या वाईटावर असलेली,
एक आई