एडिसनकर घर विकतात

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा आसपासच्या गावात पंचवीस-तीस वर्षं नांदलेला मराठी गृहस्थ मुलं मार्गी लागली की घर विकायला काढतो. त्याला आपण एडिसनकर म्हणू. एडिसनकरांना घराचे दोनच आकडे पाठ असतात: घेतलं तेव्हाचा आणि विकलं तेव्हाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो नफा, आणि मंडळाच्या कोजागिरीला तोच जाहीर होतो. मधल्या मधे जे गळतं त्याला ते सरसकट ‘लूट’ म्हणतात. एकदा लूट म्हटलं की हिशेब बघायची गरज उरत नाही. वास्तविक ही गळती दोन जातींची आहे. एक कायद्याने ठरलेली, तिथे ब्रह्मदेव आला तरी डॉलर कमी होत नाही. दुसरी बोलून ठरणारी. एडिसनकरांचं वैशिष्ट्य असं की पहिल्या ठिकाणी ते जिवाच्या आकांताने घासाघीस करतात आणि दुसऱ्या ठिकाणी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात.

पुरावा म्हणून क्लोजिंगच्या दिवशी हाती पडणारा कागद पाहावा. विक्रेत्याच्या रकान्यात जुन्या कर्जाची फेड, वकिलाची फी, कुरिअरचा खर्च आणि राज्याची रिअल्टी ट्रान्सफर फी अशी रांग असते. ७ लाख डॉलरच्या घराला ही ट्रान्सफर फी ६,२४५ डॉलर पडते. तिचे दर दर ५०० डॉलरमागे टप्प्याटप्प्याने कायद्यातच लिहिलेले आहेत. तरीही एडिसनकर वकिलाला विचारतात, ‘यात काही बघता येईल का?’ बघण्यासारखं एक आहे: वयाची ६२ वर्षं पूर्ण झालेल्या विक्रेत्याला राहत्या घरावर या फीत सवलत मिळते. पण ती फॉर्म भरून मिळते, आर्जवं करून नव्हे, आणि फॉर्मवर वय लिहावं लागतं. तसाच नगरपालिकेचा दाखला. घरात धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, स्वयंपाकघराजवळ आग विझवायचं नळकांडं टांगलेलं आहे, याची तपासणी होते. साधारणपणे अर्ज जितका उशिरा, तितकी फी चढी. एडिसनकर शेवटच्या आठवड्यात अर्ज करतात आणि मग खिडकीमागच्या बाईंना ही फी कशी अन्यायकारक आहे ते समजावतात.

सगळ्यात मजेदार प्रकरण दहा लाखांच्या उंबरठ्यावरचं. त्याच्या वरच्या घरविक्रीवर जी जादा फी पूर्वी खरेदीदार भरत असे, ती १० जुलै २०२५ पासून विक्रेत्याच्या गळ्यात आली. ती वरच्या रकमेवर नाही, अख्ख्या किमतीवर लागते. २० लाखांपर्यंत दर १ टक्का. बरोबर १० लाखांना घर विकलं तर ही फी शून्य, १० लाख ५ हजारांना विकलं तर १०,०५० डॉलर. म्हणजे पाच हजार जास्त मिळवायचे आणि दहा हजार पन्नास भरायचे. पण समोरच्यांचं घर ‘मिलियनच्या वर’ गेलेलं असतं, आणि एडिसनकरांना घर विकायचं असतं त्याहून जास्त समोरच्यांना हरवायचं असतं. हा तोटा ते हसतमुखाने सोसतात, कारण कोजागिरीला फी कोणी विचारत नाही.

आता बोलून ठरणारी गळती. एजंट मंडळातलेच, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मागच्या पानावर हसणारे. ते घरी येतात, वहिनींच्या हातची साबुदाण्याची खिचडी खातात, ओपन हाउस होईपर्यंत फोडणी बंद ठेवायला सांगतात, देव्हारा कपाटात हलवायला लावतात आणि ताटली खाली ठेवता ठेवता म्हणतात, ‘कमिशन आपलं नेहमीचंच, पाच टक्के.’ ७ लाखांवर पाच टक्के म्हणजे ३५,००० डॉलर. कुरिअरच्या तीस डॉलरसाठी वकिलाला दोन ईमेल धाडणारे एडिसनकर यावर एवढंच म्हणतात, ‘चहा घेणार ना?’ भीड ही भिकेची बहीण, हे त्यांनी लहानपणी वहीत चांगलं घोटलेलं असतं. त्यांनी नुसतं ‘चार करा’ म्हटलं आणि समोरून होकार आला तर ७,००० डॉलर वाचतात. ज्या ट्रान्सफर फीला वर्षभर शिव्या घातल्या ती अख्खी वसूल होते, वर साडेसातशे उरतात.

यावर एडिसनकरांची बाजू मांडणारे म्हणतील की कमिशनचा दर रूढच आहे, तो कसा मोडायचा? पण रूढी म्हणजे कायदा नव्हे. याच रूढीवर झालेल्या दाव्यांपायी अमेरिकेतल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. त्या वर्षीच्या १७ ऑगस्टपासून खरेदीदाराच्या एजंटाचा वाटा एमएलएसमध्ये, म्हणजे विकाऊ घरांच्या एजंटांच्या सामाईक यादीत, जाहीर करता येत नाही. विक्रेता तो आजही देऊ शकतो, पण देणं न देणं हा उघड सौद्याचा भाग झाला. दुसरा आक्षेप असा की चांगला एजंट कमिशनच्या कितीतरी पट किंमत आणून देतो. आणत असेलही. मात्र लेविट आणि सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्री तपासून २००८ मध्ये दाखवलं, की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. कारण साधं आहे. किंमत दहा हजारांनी वाढली तर खरेदीदाराच्या एजंटाचा वाटा गेल्यावर विक्रेत्याच्या एजंटाला त्यातले जेमतेम दोन-तीनशे मिळणार. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या घराकरता कोण ताटकळेल? मग एजंटाविना स्वतःच घर विकायचा मार्ग उरतो. पण मग वास घेत फिरणाऱ्या परक्या माणसाला ‘तुमचा आकडा फार कमी आहे’ हे एडिसनकरांनी स्वतः सांगायला हवं. खिचडी खाणाऱ्या ओळखीच्या माणसाला जे सांगता आलं नाही, ते इथे कसं जमणार?

खरा बिनतोड आक्षेप एकच आहे, आणि तो एजंटच करतात: जो स्वतःची फी एका वाक्यात सोडतो, तो तुमची किंमत काय राखणार? हा मुद्दा मान्य करावा, आणि म्हणूनच एडिसनकरांनी खिचडी वाढण्यापूर्वी विचारावं. एजंट लगेच चारवर आले तर सात हजार पदरात पडतात. हवं तर दुसरा एजंट शोधावा. ते पाचावर ठाम राहिले, पाचच का हे आकड्यांनिशी पटवून देऊ लागले आणि तरी एडिसनकरांचं मन दुखावलं नाही, तर आपल्या वतीने खरेदीदाराशी भांडायला नेमका माणूस सापडला. संबंध बिघडण्याची भीती बाळगू नये. ज्याचा धंदाच घासाघीस करण्याचा, त्याला घासाघिशीचा राग येत नाही. आणि आलाच, तर तो धंदा त्याला येत नाही, हे सही करण्याआधी कळलं.