आमचं एकच म्हणणं आहे, साहेब

संघाला नवा प्रशिक्षक मिळाला, की तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात पाच-सात माणसं उभी राहतात. पहिला दिवस पुढाऱ्यांचा असतो, दुसरा वार्ताहरांचा, आणि तिसरा क्रीडाप्रेमींसाठी राखलेला असतो. बीड जिल्ह्यात ‘क्रीडाप्रेमी’ हे नुसतं विशेषण नाही, ते पद आहे. त्याला नेमणूक नाही, पगार नाही आणि म्हणूनच निवृत्तीही नाही. या पदावरचा माणूस गर्दीतही ओळखू येतो. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एक न उठणारं, एका हातात शाल-श्रीफळाची पिशवी आणि दुसऱ्या काखेत प्लास्टिकची फाईल. सत्कार आणि तक्रार ही दोन्ही कामं तो एकाच खेपेत उरकतो, कारण अंगावर शाल पडलेला माणूस मध्येच उठून जात नाही, हे त्याने पुष्कळ साहेबांवर ताडून पाहिलेलं असतं. शाल पांघरून होते, नारळ टेबलावरून गडगडू नये म्हणून फाईलीला टेकवला जातो, चहा सांगितला जातो. मग तो घसा खाकरतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, आमचं एकच म्हणणं आहे.’’ त्यानंतर जे निवेदन तो वाचून दाखवतो, त्यात अकरा मुद्दे असतात.

संघ कबड्डीचा असेल, तर पहिला मुद्दा असा असतो की चढाईला उंच पोरगं पाठवावं. चौथा असा, की उंच पोरांचे पाय पकडीत लवकर सापडतात, सबब चढाईला बुटकं पोरगं पाठवावं. सातव्या मुद्द्यात मैदानावर मुरूम टाकायचा असतो. नवव्यात मागचे प्रशिक्षक एवढ्या तडकाफडकी का गेले, याची चौकशी मागितलेली असते. त्यांना घालवावं म्हणून दिलेल्या निवेदनावरही याच सह्या होत्या, ही गोष्ट वेगळी. अकराव्या मुद्द्यात तालुक्याला स्वतंत्र क्रीडासंकुल हवं असतं, आणि ते प्रशिक्षकाच्या नव्हे तर फार वरच्यांच्या हातात आहे, हे मागणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. नवखा प्रशिक्षक हे ऐकून हबकतो. पण या माणसाकडे पाहणाऱ्यांची दोनच मतं आढळतात. भाबडे म्हणतात, त्याला संघ सुधारायचा आहे. बेरकी म्हणतात, त्याला पेपरात फोटो हवा आहे. दोघांनीही त्याला स्वस्तात काढलं. आपलं म्हणणं रीतसर ऐकून घेतलं जावं, एवढीच त्याची मागणी असते. ते अमलात यावं, हे मात्र त्याला मुळीच परवडणारं नसतं. समजा, प्रशिक्षकाने खरोखरच उंच पोरगं पाठवलं आणि आपल्यावरच लोण चढला, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलायचं कुणी आणि ऐकायचं कुणी? सल्ला धुडकावला गेला, तर तो जन्मभर बरोबर राहतो. मानला गेला, की रविवारच्या सामन्यापर्यंतच त्याचं आयुष्य.

हा नुसता तर्क नाही, इंग्लंडात याचा प्रयोग होऊन गेला आहे. केंट परगण्यातला एब्सफ्लीट युनायटेड हा छोटा फुटबॉल क्लब २००८ मध्ये हजारो चाहत्यांनी मिळून विकत घेतला. वर्षाला ३५ पौंड वर्गणी भरायची आणि क्लबच्या कारभारात, अगदी संघ निवडण्यातही, मत द्यायचं, अशी ती योजना होती. आपल्याकडच्या कुठल्याही पारावरचं हे स्वप्न म्हणावं लागेल. प्रत्यक्षात संघनिवड प्रशिक्षक लियाम डेश यांच्याच हातात राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात क्लबने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली, म्हणजे कुरकुर करायलाही जागा उरली नाही. पुढे सभासद वर्षागणिक गळत गेले आणि २०१३ मध्ये तो डाव मोडला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती असावीत, असा नियमच आहे. तिथले सभासद तिकिटाच्या दरावरून भांडतात, पदाधिकारी निवडून देतात, सभेत कडाडून बोलतात. पण डाव्या बगलेला कुणी खेळायचं, यावर मतदान घेत नाहीत. अधिकार हातात आला तरी निवड दुसऱ्याने करावी आणि आपण तिच्यावर बोलावं, हीच वाटणी माणसाला सोयीची वाटते. बीडच्या क्रीडाप्रेमीला हे शहाणपण एक पौंडही न भरता आलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: फुटबॉलच्या गोष्टी बीडला कशाला लावायच्या? इथे फुटबॉल आहे कुठे? आहे, पण शाळेपुरता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर लाखो पोरांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा कार्यक्रम सरकारने आखला, तेव्हा शाळाशाळांतून चेंडू पोचले होते. त्याच वर्षी भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. चेंडू सगळीकडे गेला, खेळाडू कोल्हापुरातून निघाला, याचं कारण चेंडूत शोधून सापडत नाही. ते तालमीत आहे. कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावंच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. ज्या पेठांनी पैलवान पोसले, त्यांनीच पुढे फॉरवर्ड आणि गोलकीपर पोसले आणि लाल मातीच्या कडेला उभा राहणारा माणूस तोच आवाज घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसला. तो माणूस बीडमध्येही आहे. जत्रेतला कुस्त्यांचा हगामा पाहावा. रिंगणात दोन पैलवान आणि भोवती दोन हजार वस्ताद. ‘‘पट काढ! अरे, कामून उभा राह्यलास?’’ असं ओरडणाऱ्याने स्वतः मातीत पाऊल टाकून वीस वर्षं झालेली असतात. शिवाय आतल्या पैलवानाला ते ऐकू येत नाही आणि आलंच, तरी तोपर्यंत तो खाली गेलेला असतो. खेळ कोणताही असो, चेंडू गोल असो वा नसो, ही जात चेंडूच्या आधीची आहे.

ओरडण्याची कला हगाम्याने शिकवली, तर निवेदनाची कला रेल्वेने. अहिल्यानगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर गाडी आली तेव्हा तिशीला टेकलं होतं. मधल्या काळात रेल्वेमंत्री किती बदलले, ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. या तीस वर्षांत जिल्ह्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली: साहेब बदलतो, निवेदन तेच राहतं, वरचं नाव आणि तारीख तेवढी बदलायची. युरोपातल्या चाहत्यांना हे फार उशिरा कळलं. मँचेस्टर युनायटेडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन सव्वीस वर्षांहून जास्त काळ एकाच खुर्चीत बसून २०१३ मध्ये उठले, आणि त्यानंतर तिथे व्यवस्थापक येतात-जातात, याची चाहत्यांना आता कुठे सवय लागते आहे. आमच्या क्रीडाप्रेमीला ती बाळपणापासून आहे. म्हणून नव्या माणसासमोर तो बुजत नाही. आपण इथले आणि हा बदलीवर आलेला, हे भान त्याच्या बसण्यातच दिसतं: प्रशिक्षक खुर्चीच्या कडेला टेकलेला असतो आणि हा पाठ टेकून.

दुसरा आक्षेप असा, की त्याला खेळातलं कळत काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकलं. आदल्या दिवसापर्यंत या शर्यतीचं नाव एका दमात उच्चारणारी माणसं जिल्ह्यात मोजकीच असतील. अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात, हे कळायला संध्याकाळ पुरली. साबळेची वेळ होती ८ मिनिटं ११.२० सेकंद, केनियाच्या विजेत्याची ८ मिनिटं ११.१५. फरक सेकंदाच्या पाच शतांशांचा. हे पाच शतांश नेमके कुठे सांडले, हे रात्रीच्या जेवणापर्यंत क्रीडाप्रेमीला समजलेलं असतं: ‘‘शेवटच्या पाण्याला पाय जरा लवकर टाकला, नायतर सोनंच होतं.’’ हे ज्ञान फसवं आहे, यात शंका नाही. पण ते कुठून आलं, तेही पाहिलं पाहिजे. जो माणूस आपला म्हणून शर्यत पाहतो, त्याला ती स्वतःच्या पायांनी हरल्यासारखी वाटते, आणि हरलेल्याला कारण लागतंच. तज्ज्ञ हळहळ बाजूला ठेवून कारण शोधतो. हा हळहळीलाच कारणाचा सदरा घालतो आणि म्हणून त्याचं कारण चुकीचं असलं, तरी हळहळ खरी असते. प्रशिक्षकाने त्यातलं काय उचलायचं, हे प्रशिक्षकाला कळलं पाहिजे.

यातून त्याचा एक विचित्र पेच निघतो. बीडला जन्मलेले संजय बांगर २०१४ मध्ये आयपीएलमध्ये पंजाबचे प्रशिक्षक होते आणि संघ अंतिम फेरीत पोचला. पुढे ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झाले आणि २०२२ व २०२३ च्या हंगामांत बंगळुरूचे मुख्य प्रशिक्षक होते. म्हणजे ज्या खुर्चीला जन्मभर निवेदनं द्यायची, तिच्यात जिल्ह्याचाच माणूस बसला. आता टीका करावी तर आपल्याच माणसावर, आणि गप्प बसावं तर पद कशाला? ‘आपला माणूस’ असल्याने सल्ला देण्याचा हक्क दुप्पट होतो. पण बंगळुरूला फाईल घेऊन जाणार कोण? निवेदन मग टीव्हीला दिलं जातं, आणि टीव्ही सगळं ऐकून घेतो, पण सही करत नाही. ही न पोचलेली निवेदनं आत साठत राहतात आणि शेवटी तालुक्याच्या कबड्डी प्रशिक्षकापुढे ओतली जातात. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्या सात पोरांबद्दल हे सगळे एवढे तावातावाने का बोलताहेत? त्यात आयपीएलच्या जुन्या हंगामांची थकबाकी असते, हे त्याला कोण सांगणार?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पाठीराख्यांचं हे प्रेम कधीकधी दगड होऊन मैदानात पडतं. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने फुटबॉलला गालबोट लागल्याच्या बातम्या नव्या नाहीत. जगात याहून भयंकर घडलेलं आहे. मग अशांना दारात उभं तरी का करावं? उत्तर आक्षेपातच आहे. दगड मारणारा आणि निवेदन देणारा, दोघांचं दुखणं एक असलं तरी रीत वेगळी आहे. ज्याला बसायला खुर्ची मिळाली, तो ती फेकत नाही. ज्याच्या हातात चहाचा कप आहे, त्याला त्या हाताने दुसरं काही उचलता येत नाही. अकरा मुद्दे कागदावर उतरवायचे, तर आधी सात जणांत ते ठरवावे लागतात आणि पहिला व चौथा मुद्दा एकाच कागदावर नांदतात, याचा अर्थ उंचवाले आणि बुटकेवाले एकमेकांच्या डोक्यात नारळ न घालता एकाच जीपमध्ये बसून आले. एवढा समेट तर प्रशिक्षकाला संघातही जमत नाही. अर्थात यातले काही जण प्रशिक्षकाच्या डोक्यावर बसू पाहतात, आपल्या भाच्याला संघात घ्या म्हणतात. अशांना वाट दाखवावीच. पण भाच्याचा मुद्दा कागदावर कधीच नसतो. तो जाता जाता दारात, आवाज उतरवून काढला जातो. लेखी निवेदनाचा हा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

भेट संपते ती ठरलेल्या रीतीने. प्रशिक्षक म्हणतो, ‘‘मी जातीने लक्ष घालतो.’’ याचा अर्थ दोन्ही बाजूंना ठाऊक असतो आणि कुणीही तो विचारत नाही. मग फोटो निघतो: एक कागद, त्याला लागलेले सात हात, आणि सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. उद्याच्या पेपरात निवेदनावर कुणाकुणाच्या सह्या आहेत, ते छापून येईल. पहिल्या पाचांची नावं लागतील आणि उरलेले दोघं ‘आदी’मध्ये जातील, त्या दोघांची भेटीची तारीख मात्र तोंडपाठ राहील. ज्यांना या माणसाला प्रसिद्धीच हवी असते असं वाटतं, त्यांनी इथे थांबून पाहावं. फोटो झाल्यावर तो उठत नाही. फाईलीतून निवेदनाची दुसरी प्रत काढतो, प्रशिक्षकापुढे सरकवतो, न उठणारं पेन आधी देऊन मग उठणारं देतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, तेवढी पोच.’’ मुद्दे मान्य झाले का, हे तो विचारत नाही. त्याला सही हवी, तारीख हवी, आणि शिक्का असेल तर उत्तमच. ती प्रत मग फाईलीत जाते, आधीच्या प्रशिक्षकांनी दिलेल्या पोचांवर. वर्ष-दोन वर्षांनी हा प्रशिक्षकही जाईल, पोरं मोठी होऊन कामधंद्याला लागतील, मुरूम पावसात वाहून जाईल. हा साहेब इथे येऊन गेला, याचा सही-तारखेनिशी पुरावा तेव्हा त्याच एका प्लास्टिकच्या फाईलीत सापडेल. आणि नव्या साहेबांसाठी निवेदन टाइप करायला जाताना क्रीडाप्रेमी वरचं नाव खोडून घेईल, बाकीचं तसंच राहू देईल.