मिटवणारे मामा

बेळगावात वकील परवडत नसलेला माणूस शेवटी मामांच्या दारात येतो. असे मामा शहापुरात असतात, वडगावात असतात, निपाणीत तंबाखूच्या वखारीमागच्या बोळातही असतात. गल्ली बदलते, पिशवी बदलत नाही. पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा, अंगठ्याच्या शाईचा पॅड आणि १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची कोपरे झिजलेली प्रत. उद्यमबागेतल्या फौंड्रीत आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी मांडून निवृत्त झालेला हा माणूस. मांडायची सवय तेवढी निवृत्त झाली नाही.

प्रेसमध्ये बोट गेलेला पोरगा आईला घेऊन येतो. मामांचा पहिला प्रश्न, "ईएसआयचं कार्ड हाय?" असलं तर मामांचा उत्साह मावळतो. मग अर्ज तिकडं, पैसे तिकडून. पण दहा माणसंही नसलेल्या वर्कशॉपात कार्ड कुठलं? तिथं मामांचं राज्य. दुसरा प्रश्न, "कुठलं बोट, किती पेरं?"

"अंगठ्याजवळचं. सगळंच गेलं," आई डोळ्याला पदर लावते.

"रडू नका आक्का, पुरं गेलंय. चौदा टक्के!"

कायद्याच्या तक्त्यात तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के, दोन गेली तर ११, सगळी गेली तर १४. हाड शाबूत राहून नुसतं टोक गेलं तर ५. हा तक्ता मामांना रामरक्षेसारखा पाठ. त्यामुळे मांडवात नवरदेवाचा हात हातात घेतला तरी मामा आशीर्वाद देता देता बेरीज करत असतात. अंगठ्याला ३० टक्के. म्हणून एकलव्याचं प्रकरण त्यांना आजही सलतं. "कायद्यानं मिळणारा हक्क सोडला असं लिहून घेतलं तरी ते रद्द. पोराला सांगणारं कोण नव्हतं, दुसरं काय!" २०२०च्या जानेवारीत हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा ८,००० वरून १५,००० झाली, तेव्हा मामांनी गल्लीत पेढे वाटले. "बोटं महाग झाली," म्हणाले.

मालकाच्या केबिनमध्ये चहा येतो. चहाबरोबर माया येते.

"मामा, पोरगा आमच्या घरचाच. पन्नास हजार देतो, बाँडवर सही करूया, मिटवून टाकूया की."

"घरचाच ना? मग वय काय त्याचं?"

मालक मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर पंख्याकडे.

"तीस. तिशीचा गुणक २०७.९८. पगार पंधरा हजार, त्याचे साठ टक्के नऊ हजार. गुणा. त्याचे चौदा टक्के काढा. दोन लाख बासष्ट हजार चोपन्न रुपये ऐंशी पैसे."

"ऐंशी पैसे?"

"माझे असते तर सोडले असते."

बाँडलाही मामांची हरकत नसते. ते फक्त एवढंच सांगतात, की तडजोडीचा कागद सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी दिसली तर तो अधिकारी नोंद नाकारू शकतो. नोंदवला नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील. आधी दिलेल्यातले निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाहीत, अधिकाऱ्यानं वेगळं सांगितलं तर गोष्ट निराळी. "म्हणजे तुमच्या पन्नासातले पंचवीस पाण्यात. शिवाय महिन्यात भरले नाहीत तर बारा टक्के व्याज. चहा झकास झालाय, आणखी एक सांगा."

निपाणीत वखारवाले जखमी बाईच्या हातात नोटा कोंबतात. मामा त्या मोजून घेतात, आणि मग कळवतात, की बाईची एकरकमी भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. हातात दिलेली भरपाईच नव्हे.

एक नोव्हेंबरला मामा दंडाला काळी फीत बांधून सीमाभागाच्या सायकल फेरीत असतात. दोन तारखेला त्याच दंडाखाली पिशवी धरून कन्नडमधला अर्ज घेऊन कचेरीत. कुणी टोमणा मारलाच तर म्हणतात, "सीमाप्रश्न सुटेपर्यंत बोटं थांबत नाहीत." १९२३चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तेव्हा त्यांनी आधी टक्क्यांचा तक्ता पडताळला, मगच जेवले.

एका ठिकाणी मात्र मामा पिशवी मिटतात. "हा पोरगा आमच्याकडं कामालाच नव्हता," असं मालक म्हणाला आणि मस्टरवर नाव सापडलं नाही, की ते पोराला स्वतः वकिलाकडे पोचवतात. हिशेब त्यांना येतो, साक्षीपुरावा नाही. परस्पर मिटवण्यातली निम्मी अक्कल कुठं मिटणार नाही हे ओळखण्यात आहे, आणि ती त्यांच्यापाशी आहे.

फी नाही. कुंदा चालतो. अर्ध्या किलोच्या डब्यात पुठ्ठा किती ग्रॅमचा, हे मात्र ते दुकानदाराला विचारून येतात.

मागे एका मालकाचंच बोट स्वतःच्या मशीनवर, माणसाला काम दाखवताना गेलं. संध्याकाळी पट्टी बांधून तो मामांच्या दारात. "मामा, बघा की माझं काय बसतंय."

मामांनी बोट निरखलं. "दोन पेरं. अकरा टक्के."

"मग?"

"मग काय? कायदा कामगाराला, तुम्ही मालक. आता कुठंतरी नोकरी धरा. पुढच्या बोटाला मी हाय की."