साहस, मागून टेम्पोसह

जुलै उजाडला की पुण्या-मुंबईची माणसं लडाखच्या 'निर्जन' वाळवंटाकडे निघतात आणि तिथे एकमेकांनाच भेटतात. लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. बुलेट मात्र धो धो कोसळतात. ताफ्याच्या पुढे वाट दाखवणारा, शेवटी मेकॅनिक, त्याच्यामागे टेम्पो. टेम्पोत सामान, सुटे भाग, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि बाकरवडी. या सगळ्याला 'स्वतःचा शोध' म्हणतात.

खारदुंग ला हा तर श्रद्धेचा विषय. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं. मोजली तर खिंड भरते साधारण १७,५८० फूट. मधले आठशे फूट कुठे गेले, हे कोणी विचारत नाही, कारण फोटो पाटीचा काढायचा असतो. आता तर १९,०२४ फुटांवरचा उमलिंग ला आलाय, तोही डांबरी. त्यामुळे खारदुंगवाले एका रात्रीत साधे पर्यटक झाले.

हे डांबर ओतणारे मजूर बरेचदा झारखंडच्या दुमक्याहून आलेले. तेही त्याच विरळ हवेत, तोंडाला फडकं बांधून, महिनोन्महिने. पण त्यांच्या गुडघ्यांना पॅड नसतात, डोक्यावर कॅमेरा नसतो. मग ते साहसात कसं धरायचं?

परतल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये स्लाइड शो होतो. ''तिथे आम्ही अगदी एकटे होतो हो,'' असं बावीस जण एका सुरात सांगतात.