पाय न टेकता

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतली आपली मराठी इंजिनिअर मंडळी रात्री ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायला बसली की कुणीतरी जिगलीपफ हे पात्र निवडतोच. गुलाबी, गोल, वजनाला इतकी हलकी की एका सणसणीत फटक्यात पडद्याबाहेर. जमिनीवर चाल रडतखडत. हवेत मात्र पाय न टेकता पाच उड्या. निवड स्वाभाविकच आहे म्हणा. इथली कारकीर्द तरी कुठे वेगळी? टेकायच्या आत पुढची कंपनी. सिल्क बोर्ड चौकाकडून इथे येणारा उड्डाणपूलही 2010 पासून जवळजवळ 10 किलोमीटर हवेतूनच. जिगलीपफचा सर्वांत जीवघेणा डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अगदी चिकटून झोपणे. नेम चुकला तर ती झोपूनच राहते आणि समोरचा सावकाश येऊन बडवतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा डाव टाकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: तिथे फक्त उत्तरार्ध चालतो.